नऊ माणसें आणि एक संगणक

या सदरांत आजवर घरांतील पुष्कळ वस्तूंची हजेरी झाली. पाण्याचा पंप झाला, शिवणयंत्र झालें, वीज गेल्यावर उपयोगीं पडणारा इन्व्हर्टर झाला. संगणक तेवढा राहून गेला होता. खरें सांगावयाचें तर त्याविषयीं लिहिण्याजोगा अनुभव गांठीशीं नव्हता. तो गेल्या आषाढांत मिळाला. आणि अनुभव फुकट मिळत नसतो, त्याचें मोल कोणाला तरी द्यावें लागतें, हेंही त्याबरोबरच कळलें.

आमचें कुटुंब नऊ माणसांचें. मामंजी, हे व मी, धाकटा चिरंजीव व सून, भाऊजी व जाऊबाई, आणि त्यांचीं दोन मुलें. पुतणी महाविद्यालयांत आहे व पुतण्या नववींत. थोरला चिरंजीव नोकरीनिमित्त जर्मनींत म्युनिक येथें असतो. मोबाइल ज्याचा त्याचा आहे. परंतु बैठक मारून करावयाचीं कामें, म्हणजे हिशेब, प्राप्तिकराचें विवरणपत्र, मुलांचे प्रकल्प, छपाई, हीं सारीं बैठकीच्या खोलींतील एका संगणकावर होतात. थोरल्यानें परदेशीं जाण्यापूर्वीं तो आणून दिला, मांडून दिला, आणि तो उघडण्याचा चार आंकड्यांचा संकेत भिंतीवरील दिनदर्शिकेच्या कोपऱ्यांत लिहून ठेविला. तेव्हांपासून घरांतील सारीं माणसें त्याच एका दारानें आंत जात असत. "आपल्या घरांत कसलें आलें आहे आपलें नि परकें!" असें मामंजी म्हणत, आणि त्यांत आम्हां सर्वांस थोडा अभिमानही वाटे.

मामंजींचें वय ऐंशीच्या पुढें आहे. गेलीं तीन वर्षें ते आमच्या घराण्याच्या कुलवृत्तांताची पुरवणी तयार करीत आहेत. कुलवृत्तांत म्हणजे काय हें या मासिकाच्या वाचकांस सांगावयास नको. वंशवृक्षांत पुरुषांचीं नांवें पिढ्यान् पिढ्या सांपडतात. स्त्रीची नोंद मात्र पुष्कळदां सासरीं ठेविलेल्या एका नांवावर भागविलेली असते. ती मूळची कोण, कोणाची लेक, कोणत्या गांवची, हें कोणी लिहिलेलें नसतें. सासूबाई निवर्तल्यावर मामंजींनीं मनाशीं ठरविलें कीं, निदान गेल्या चार पिढ्यांतील सुनांचीं माहेरचीं नांवें तरी शोधून काढावयाचीं. त्यासाठीं त्यांनीं दूरदूरच्या वृद्ध नातलगांस फोन केले, पत्रें धाडलीं, रत्नागिरीकडे दोन खेपा घातल्या. शंभरावर नांवें मिळालीं. ज्यांनीं तीं सांगितलीं त्यांपैकीं कांहीं जण आज हयात नाहींत. हा सारा ऐवज त्या संगणकांत होता, आणि फक्त तेथेंच होता.

आषाढांतील एका बुधवारीं रात्रीं पुतण्याचा खेळ संपला. बंद करतांना त्यानें पडद्यावरील 'अपडेट करून बंद करा' हा पर्याय निवडिला, व तो निजावयास गेला. काम चालूं आहे, यंत्र बंद करूं नका, अशी सूचना पडद्यावर येत होती. सर्वांच्या शेवटीं जाऊबाई दिवे मालवीत बैठकींत आल्या. निजण्यापूर्वीं भिंतीवरचीं सारीं बटणें बंद करावयाचीं हा आमच्या घरचा जुना नियम; तो मामंजींनींच घालून दिलेला आहे. जाऊबाईंनीं नियम पाळला.

गुरुवारीं सकाळीं पूजा आटोपून मामंजी संगणकापाशीं बसले. यंत्रानें दोन-तीनदां उठण्याचा प्रयत्न केला, आणि शेवटीं निळ्या पडद्यावर येऊन तें थांबलें. ४८ आंकड्यांची एक किल्ली द्या, मग पुढें जातां येईल, असा त्याचा हट्ट. दिनदर्शिकेवरचे चार आंकडे तें मानावयास तयार होईना.

मग कोणत्याही घरांत होतें तेंच आमच्या घरीं झालें. सर्वांची दृष्टि प्रथम पुतण्याकडे वळली. "मी फक्त बंद केला हो!" असें म्हणून तो रडकुंडीला आला. बटणाची गोष्ट निघतांच जाऊबाईंचा चेहरा उतरला. यंत्रच जुनें झालें असेल, असें ह्यांनीं निदान केलें. भाऊजींनीं बाजारपेठेंतील एका दुरुस्तीवाल्यास फोन लाविला. त्यानें सारें ऐकून घेऊन सांगितलें, "किल्ली नसेल तर सगळें पुसून नव्यानें भरावें लागेल. संध्याकाळपर्यंत करून देतों." भाऊजी यंत्र उचलावयास निघालेसुद्धां. मामंजी कांहींच बोलले नाहींत. ते खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे होते, आणि तो हात थरथरत होता, एवढें मीं पाहिलें.

"भाऊजी, यंत्र महिनाभर सुरू झालें नाहीं तरी चालेल, पण आंतलें कांहीं पुसूं देऊं नका," मीं म्हटलें.

"अहो वहिनी, मग करायचें तरी काय?"

"आधीं कांहींच करायचें नाहीं. बसा."

वाचकहो, संगणक बिघडला म्हणजे पहिला उपाय हाच. घरांतील संगणक म्हणजे तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. एक तें लोखंड-प्लास्टिकचें यंत्र. दुसरी त्याला चालविणारी प्रणाली, उदाहरणार्थ विंडोज. आणि तिसरा आपण त्यांत ठेविलेला मजकूर. यंत्र बाजारांत मिळतें. प्रणाली पुन्हां भरतां येते. तिसरी गोष्ट मात्र विकत मिळत नाहीं. बिघाड बहुधा पहिल्या दोहोंपैकीं एकींत असतो, आणि घाईच्या दुरुस्तींत बळी जातो तो तिसरीचा. घराला आग लागली तर शहाणा माणूस आधीं माणसें व कागदपत्रें बाहेर काढतो. भिंतीचा गिलावा मागाहून पाहतो. संगणकाच्या दुरुस्तींतही आधीं आपला मजकूर सुरक्षित बाहेर काढावा, मग यंत्र सुधारावें. हा क्रम कोणाच्याही सांगण्यावरून उलटूं देऊं नये.

आतां किल्लीचा प्रश्न. विंडोज ११ असलेलीं पुष्कळ यंत्रें, मायक्रोसॉफ्टचें खातें वापरून प्रथम सुरू केलीं कीं, डिस्कवरील सारा मजकूर आपण होऊन सांकेतिक रूपांत कुलूपबंद करून ठेवितात. हेतु चांगला आहे: चोरानें डिस्क काढून नेली तरी त्याला एक अक्षरही वाचतां येऊं नये. एरव्हीं हें कुलूप आपल्याला जाणवतही नाहीं. यंत्र तें स्वतःच उघडतें. पण सुरू होण्याच्या क्रमांत कांहीं विपरीत घडलें, किंवा दुरुस्तीच्या दालनांत जाण्याची वेळ आली, म्हणजे यंत्राला शंका येते आणि तें मूळ किल्ली मागतें. सहा-सहा आंकड्यांचे आठ गट, म्हणजे एकंदर ४८ आंकडे. ही किल्ली ज्याच्या खात्यानें यंत्र प्रथम सुरू केलें त्याच्या खात्यांत जाऊन बसलेली असते. म्हणजे आमच्या बैठकींतील यंत्राची किल्ली म्युनिकला होती, आणि ही गोष्ट घरांत कोणासही ठाऊक नव्हती. थोरल्याच्याही ती कधीं ध्यानांत आली नव्हती.

आमच्याकडे सकाळचे नऊ वाजले होते, तिकडे साडेपांच. पोराची झोंपमोड करावी कीं करूं नये या विचारांत मामंजी पडले, पण मीं फोन लाविला. तो उठला, त्यानें आपलें खातें उघडलें, आमच्या पडद्यावर दिसणारा किल्लीचा ओळखक्रमांक त्याच्याकडील क्रमांकाशीं ताडून पाहिला, आणि एकेक गट वाचून दाखविला. मामंजींनीं तो कागदावर उतरविला, पुतणीनें यंत्रांत घातला. आठवा गट पुरा होतांच दुरुस्तीचें दालन उघडलें.

तेथेंही आम्हीं मोह आवरला. त्या दालनांत आज्ञा लिहिण्याची एक काळी खिडकी असते. थोरला फोनवरून सांगे त्याप्रमाणें पुतणीनें तेथून मामंजींचे सर्व कागद बाहेरून जोडलेल्या डिस्कवर उतरवून घेतले. ती डिस्क भाऊजींच्या संगणकावर, म्हणजे त्यांच्या कचेरीच्या लॅपटॉपवर, लावून कुलवृत्तांताचें पान प्रत्यक्ष उघडून पाहिलें. त्यानंतरच दुरुस्तीला हात घातला. 'स्टार्टअप रिपेअर' या पहिल्या उपायानें कांहीं झालें नाहीं. मग 'शेवटचें अपडेट काढून टाका' हा पर्याय निवडिला. अर्ध्या तासानें यंत्र पूर्ववत् उभें राहिलें. अपुरें राहिलेलें अपडेट हाच सारा रोग होता.

हीच वेळ पुढें कोणावर आली तर उपयोग व्हावा म्हणून त्या दालनांतील औषधांचे गुणधर्म थोडक्यांत सांगतें. 'सेफ मोड' म्हणजे यंत्राला अगदीं पथ्याच्या अन्नावर चालविणें. अत्यावश्यक तेवढेंच सुरू होतें, आणि नव्यानें घातलेल्या एखाद्या कार्यक्रमाचा दोष असेल तर तो ओळखतां व काढतां येतो. 'सिस्टिम रिस्टोअर' प्रणालीला मागील एखाद्या दिवसाच्या स्थितींत नेतें. त्यानें आपले लेख वा छायाचित्रें जात नाहींत, पण चुकून पुसलेला लेख परतही येत नाहीं. शिवाय ही सोय आधींपासून चालूं करून ठेविलेली असावी लागते. पुष्कळ यंत्रांत ती बंद असते. शेवटचें जालीम औषध म्हणजे 'रीसेट'. त्यांत दोन प्रकार आहेत: 'माझ्या फाइली ठेवा' आणि 'सगळें काढून टाका'. पहिल्यांत आपला मजकूर राहतो, बाहेरून घातलेले कार्यक्रम जातात. दुसऱ्यांत सारेंच जातें. पहिला प्रकारसुद्धां मजकुराची दुसरी प्रत हातांत आल्यावांचून करूं नये.

दुपारीं जेवणें उशिरा झालीं, पण सर्वांच्या जिवांत जीव आला होता. लेखाचा शेवट येथेंच झाला असता तर मलाही बरें वाटलें असतें.

संध्याकाळीं मामंजी उतरविलेले कागद एकेक करून तपासूं लागले. कागद सर्व होते. एक ध्वनिमुद्रण मात्र मिळेना. मामंजींच्या चुलत भगिनी, आम्हां सर्वांच्या आत्याबाई, यांच्याशीं फोनवर झालेलें वीस मिनिटांचें बोलणें धाकट्या चिरंजीवानें मुद्रित करून संगणकांत ठेविलें होतें. त्यांत आत्याबाईंनीं जुन्या पिढींतील तीन सुनांचीं माहेरचीं नांवें सांगितलीं होतीं. त्यांपैकीं दोन मामंजींनीं तेव्हांच टिपून घेतलीं. तिसरें नांव बोलण्याच्या ओघांत आलें. पुढें सावकाश ऐकून लिहूं, म्हणून तें राहिलें. आत्याबाई गेल्या पौषांत वारल्या.

शोधाशोध चाललेली असतां पुतण्या दारांत येऊन उभा राहिला. चैत्रांत त्याला एका खेळासाठीं जागा हवी होती. 'डाउनलोड्स' या कप्प्यांत शेंकडों फाइली पडून होत्या: कोणाचीं वीजबिलें, कोणाच्या परीक्षेच्या पत्रिका, कोणी पाठविलेलीं गाणीं. कांहींवर नुसते आंकडे होते. त्याला वाटलें, सारा केर आहे. त्यानें कप्पा रिकामा केला, आणि कचरापेटीही रिकामी केली.

हें त्या दिवसाच्या बिघाडामुळें झालें नव्हतें. तीन महिन्यांपूर्वींच होऊन गेलें होतें. आम्हांला कळलें आज. जुन्या फिरत्या डिस्कवर पुसलेला मजकूर लगेच नष्ट होत नाहीं. नुसती त्याची नोंद काढली जाते, आणि त्या जागेवर दुसरें कांहीं लिहिलें जाईपर्यंत जाणत्या माणसाला तो परत मिळवितां येतो. म्हणून अशा वेळीं यंत्र वापरणें तत्काळ थांबवावें. परंतु आजच्या यंत्रांत बहुधा एस्. एस्. डी. नांवाची नवी डिस्क असते. ती पुसलेली जागा स्वतःच लवकर साफ करून ठेविते, आणि मग मजकूर परत मिळण्याची आशा फारशी उरत नाहीं. आमची डिस्क या प्रकारची होती, आणि मध्यें तीन महिने गेले होते.

भाऊजी मुलावर हात उगारणार एवढ्यांत मामंजींनीं त्याला जवळ बोलाविलें. "तुझी चूक नाहीं, बाळ. तिथें कुठें माझें नांव लिहिलेलें होतें?" इतकेंच ते म्हणाले, आणि उठून गच्चीवर गेले.

त्या वाक्यावर मीं पुष्कळ विचार केला, आणि मला वाटतें, आमच्या चुकीचें निदान त्यांनींच अचूक केलें. नऊ माणसें एका नांवानें वावरत होतीं. त्यामुळें तेथें असलेली प्रत्येक वस्तु सर्वांची होती, म्हणजेच कोणाचीही नव्हती. जपावयाची जबाबदारी कोणावर नाहीं. पुसण्याचा अधिकार मात्र सर्वांस!

एक यंत्र आणि अनेक माणसें हा प्रश्न नवा नाहीं. घरांत येण्यापूर्वीं तो शास्त्रज्ञांपुढें आला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत आपल्या देशांत घडविलेला 'टिफ्रॅक' संगणक १९६० सालीं चालूं झाला. त्याची मुख्य स्मृति २०४८ शब्दांची होती, आणि त्यावर काम करूं इच्छिणारे अनेक असत. प्रत्येकानें आपल्या पाळीची वाट पाहावयाची. त्याच सुमारास अमेरिकेंत एम्. आय्. टी. येथें फर्नांडो कॉर्बातो व त्यांचे सहकारी निराळा उपाय शोधीत होते. यंत्र इतकें जलद आहे कीं, क्षणभर एकाचें व क्षणभर दुसऱ्याचें काम करीत राहिलें तर प्रत्येकास तें आपलेंच वाटेल, ही त्यांची कल्पना. १९६१ च्या नोव्हेंबरांत त्यांनीं ती प्रत्यक्ष करून दाखविली. आणि मग ताबडतोब दुसरा प्रश्न उभा राहिला: यंत्र एक, पण प्रत्येकाचे कागद निराळे, ते एकमेकांपासून राखावयाचे कसे? म्हणून त्यांनीं प्रत्येकास स्वतःचें नांव व परवलीचा शब्द दिला. आज आपण उठतां-बसतां जो पासवर्ड घालतों त्याची संगणकावरील परंपरा तेथपर्यंत जाते.

त्या मंडळींसही एकदां धडा मिळाला, आणि तो आमच्या धड्यासारखाच आहे. त्या प्रणालींत काम सुरू करणाऱ्या प्रत्येकाला आरंभीं दिवसाची सूचना दाखविण्याची रीत होती. लेख दुरुस्त करण्याचा जो कार्यक्रम होता, तो काम चालूं असतां मजकूर एका ठराविक नांवाच्या तात्पुरत्या फाइलींत ठेवी. एके दिवशीं दोन व्यवस्थापक एकाच वेळीं, एकाच खात्याखालीं, काम करीत होते. एकजण दिवसाची सूचना लिहीत होता, दुसरा परवलीच्या शब्दांची यादी दुरुस्त करीत होता. दोघांचीही तात्पुरती फाइल एकाच नांवाची! त्यांची अदलाबदल झाली, आणि त्या दुपारीं येणाऱ्या प्रत्येकास सूचनेऐवजीं सर्वांचे परवलीचे शब्द वाचावयास मिळाले. ही हकीकत स्वतः कॉर्बातो यांनीं आपल्या ट्यूरिंग पारितोषिकाच्या व्याख्यानांत सांगितली आहे. दोघांचा हेतु शुद्ध होता; घोटाळा झाला तो एका नांवामुळें.

पुढील रविवारीं आम्हीं यंत्राची नव्यानें व्यवस्था लाविली. ती अशी:

प्रथम एक 'ॲडमिनिस्ट्रेटर' खातें. त्याला आम्हीं कारभारी म्हणतों. नवा कार्यक्रम घालणें, जुना काढणें, नवें खातें उघडणें, हे अधिकार त्याचे. या खात्यानें रोजचें काम कोणीही करीत नाहीं. त्याचा परवलीचा शब्द आणि ती ४८ आंकड्यांची किल्ली एका पाकिटांत घालून दागिन्यांच्या कपाटांत ठेविली आहे, आणि तें पाकीट कोठें आहे हें घरांतील तीन मोठ्या माणसांस ठाऊक आहे. कारभाऱ्याच्या हातांत सर्व किल्ल्या असतात, म्हणूनच त्यानें रोज उठून प्रत्येक खोलींत डोकावूं नये.

नंतर प्रत्येकाचें स्वतःचें साधें खातें, ज्याला 'स्टँडर्ड' म्हणतात. प्रत्येकाचे कप्पे निराळे. एकाचे दुसऱ्याला उघडत नाहींत, पुसतां तर मुळींच येत नाहींत. कोणताही कार्यक्रम साऱ्या यंत्रांत घालावयाचा झाला तर यंत्र कारभाऱ्याचा शब्द मागतें. त्यामुळें मुलांच्या हातून भलतेंसलतें कांहीं आंत येण्याची भीति पुष्कळ कमी झाली. कोणी आपला शब्द विसरला तर यंत्रावरील साध्या खात्याचा शब्द कारभाऱ्याला बदलून देतां येतो. सर्वांनीं मिळून वापरावयाच्या वस्तूंसाठीं, म्हणजे छायाचित्रें, पाककृति, सणांच्या याद्या यांसाठीं, 'पब्लिक' हा सामाईक कप्पा आहे. तेथें ठेवावयाच्या प्रत्येक फाइलीवर ठेवणाऱ्याचें नांव व तारीख घालावयाची असा नियम केला.

उठतांना नुसतें निघून न जातां 'साइन आउट' करावें. एकामागून एक खातीं उघडीं राहिलीं तर सर्वांचे कार्यक्रम यंत्राच्या स्मृतींत ठाण मांडून बसतात, आणि शेवटच्या माणसाला यंत्र मंद वाटूं लागतें. क्षणभरच उठावयाचें असेल तर विंडोजची कळ व 'एल्' हीं दोन्ही एकदम दाबावीं, म्हणजे पडदा कुलूपबंद होतो. आणि संगणकाच्या बटणावर आतां एक चिठ्ठी आहे: "पडदा काळा झाल्यावांचून बंद करूं नये." ती जाऊबाईंनीं स्वतः लिहून चिकटविली.

मामंजींस ही व्यवस्था प्रथम रुचली नाहीं. "एकत्र कुटुंबांत कुलुपें आलीं, म्हणजे वांटणी फार दूर नसते, सूनबाई," असें ते म्हणाले.

मीं म्हटलें, "आपलें स्वयंपाकघर एक आहे, पंगत एक आहे; पण ताटें निरनिराळीं आहेतच ना? आपल्या पलंगाखालच्या ट्रंकेला कुलूप असतें. सासूबाईंचीं पत्रें तिच्यांत आहेत हें साऱ्या घराला ठाऊक आहे. ती ट्रंक कोणी उघडीत नाहीं. म्हणून आपण आम्हांला कधीं परके झालां नाहीं."

मामंजी बराच वेळ गप्प राहिले. मग त्यांनीं चष्मा मागितला, आणि आपल्या खात्याचा परवलीचा शब्द कोणाला दिसणार नाहीं अशा बेतानें एका बोटानें घातला.

आठ दिवसांनीं आणखी एक गोष्ट कळली. आमची सून रात्रीं उशिरापर्यंत मोबाइलच्या एवढ्याशा पडद्यावर डोळे ताणीत बसे. मला वाटे, तिला करमणुकीचा नाद लागला आहे. नवें खातें मिळाल्यापासून ती संगणकावर बसूं लागली. मीं सहज विचारिलें तेव्हां म्हणाली, "आई, नेट परीक्षेचा अभ्यास करतें आहे. मागच्या वेळीं जमलें नव्हतें. बैठकींतल्या संगणकावर ठेवलें असतें तर सगळ्यांनीं विचारलें असतें, म्हणून ठेवलें नाहीं." दोन वर्षें ती या घरांत आहे, आणि तिच्यासाठीं त्या यंत्रांत चार बोटें जागा नव्हती, हें आमच्यापैकीं कोणाच्याच मनांत आलें नव्हतें. ज्या एका दाराचा आम्हांस अभिमान वाटे, तें तिला दार वाटलेंच नव्हतें.

राहिली दुसऱ्या प्रतीची गोष्ट. मजकुराच्या तीन प्रती असाव्या, त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्या, आणि निदान एक घराबाहेर असावी, असा जाणत्यांचा संकेत आहे. घराबाहेर कशासाठीं, असें भाऊजींनीं विचारिलें. उत्तर मामंजींनीं दिलें. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें तेव्हां ते महाविद्यालयांत शिकत होते, आणि आमचें बिऱ्हाड नारायण पेठेंत होतें. पाणी ओसरल्यावर घरांत चिखलाखेरीज कांहीं उरलें नव्हतें. त्यांच्या वडिलांनीं स्वहस्तें लिहिलेली वंशावळही त्यांत गेली. ती आज आमच्याजवळ आहे, ती केवळ एका नातलगानें आधीं तिची नक्कल करून वाईला नेली होती म्हणून. "नक्कल घरांतच असती तर दोन्ही वाहून गेल्या असत्या," ते म्हणाले.

आतां दर रविवारीं पुतण्या एका बाहेरच्या डिस्कवर सर्वांची प्रत काढतो, आणि काढून होतांच ती डिस्क सोडवून कपाटांत ठेवितो. कारण मजकूर ओलीस धरून खंडणी मागणारा एखादा दुष्ट कार्यक्रम यंत्रांत शिरला तर जोडून ठेविलेली डिस्कही त्याच्या तावडींतून सुटत नाहीं. तिसरी प्रत म्युनिकला थोरल्याकडे जाते. हें काम मुलानें आपण होऊन मागून घेतलें. प्रत काढल्यावर एखादी फाइल उघडून पाहावयाची, हेंही तो विसरत नाहीं. कारण न तपासलेली प्रत ऐन वेळीं उपयोगीं पडेलच असें नाहीं.

कुलवृत्तांताची पुरवणी दिवाळीपूर्वीं छापावयास जाईल. तिसऱ्या नांवासाठीं मामंजींनीं आणखी चार ठिकाणीं पत्रें घातलीं. पण तें सांगूं शकेल असें माणूस आतां राहिलेलें दिसत नाहीं. आपण नुसतें 'अज्ञात' लिहूं, असें भाऊजींनीं सुचविलें. मामंजींनीं तें मानलें नाहीं. त्या बाईंच्या सासरच्या नांवापुढें त्यांनीं एक ओळ कोरी ठेविली आहे, आणि ती भरूं नये अशी सूचना छापखान्यासाठीं स्वतः टंकून दिली आहे.

वाचकांनीं हा लेख वाचून झाल्यावर दोन गोष्टी पाहाव्या: आपल्या घरच्या यंत्राची किल्ली कोणाच्या खात्यांत आहे, आणि त्या यंत्रांत कोणाकोणाला स्वतःचें नांव आहे. हें काम रविवारच्या एका दुपारीं होण्यासारखें आहे.